पाणी बघून घेतलेलं घर

"तीन घरं बघून आलोय. कुठलं घ्यायचं ते तू सांग," नवरा फोनवर म्हणाला.

मी कडेगावजवळच्या माझ्या सासरच्या गावात, दारात शेंगा फोडत बसले होते. हा प्रश्न मला आहे, हे कळायला थोडा वेळ लागला. मी म्हटलं, "थांबा, मामांना देते फोन." मामा म्हणजे माझे सासरे.

"मामांना न्हाई, तुला इचारतोय. राहायचं तुला हाय."

लग्नाला सात वर्षं झाली होती. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायच्या कामाला देशभर गेलेली आहेत. सराफाकडचं जुनं, भेसळीचं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात टाकून चोख करायचं आणि परत द्यायचं. त्याला गलाई म्हणतात. माझा नवरा हे काम केरळात करतो. अशा घरांत बाप्ये तिकडं आणि बाया इकडं, ही रीतच आहे. माझ्या सासूनं मात्र पलटणीतल्या नवऱ्याची वाट बघितली, आणि मी गलाईवाल्याची. यात्रा, दिवाळी आणि एखादं लग्न, एवढाच आमचा संसार. आमची मुलगी बापाला फोनमध्ये लगेच ओळखायची आणि तो दारात आला की माझ्यामागं लपायची.

त्या वर्षी त्याच्या दुकानाचा शेठ, तोही आमच्याच बाजूचा, आपणहून म्हणाला की आता बायको-पोरीला घेऊन ये, पोरीला इथंच शाळेत घाल. त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचे किती आभार मानले असतील. समोर नव्हे, मनातच. समोर बोलायची माझी हिंमत नाही.

मी आठवीपर्यंत शिकले. माझं माहेर कोरेगावच्या वरच्या अंगाला, माळावरचं. तिथं उन्हाळ्यात टँकर यायचा तो कधी सकाळी, कधी भर दुपारी. घरातलं एक माणूस कायम हंडे घेऊन रांगेत लागायचं. आईची कंबर गेली आणि ते माणूस मी झाले. शाळा सोडायला कुणी सांगितलं नाही. टँकर दुपारी यायला लागला, त्या महिन्यात मी शाळेत गेले नाही, आणि पुढं जायची लाज वाटली.

आमच्याकडं पोरगी द्यायची तर आधी पाणी बघतात. जमीन, नोकरी, मुलाचे नाक-डोळे सगळं नंतर. बघायला गेलेली बाई चहा पिता पिता हळूच मोरीकडं जाऊन येते, पिंपं किती आहेत, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते विचारून येते. माझ्या आईनं एक चांगलं चालून आलेलं स्थळ त्यासाठीच मोडलं. कडेगावकडं कालव्याचं पाणी आलंय, उसं उभी राहिलीत, हे ऐकून मला इकडं दिलं. प्यायचं पाणी मात्र सासरीही चौथ्या दिवशीच यायचं.

तर नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी तिन्ही घरं फोनवर दाखवली. मी एकटीनं बघायची होती, पण आमच्या घरात तसं होत नाही. सासूबाई, थोरली जाऊ, मामा, सगळे त्या एवढ्याशा फोनभोवती गोळा झाले.

पहिलं घर दुकानाच्या वरची खोली. शेठनंच देऊ केलेली. दुसरं शाळेजवळ तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वच्छ, खिडकीतून शाळेचं पटांगण दिसत होतं. मी विचारलं, "पानी?" तो म्हणाला, "सकाळी दोन तास येतंय. भरून ठेवायचं." मी पुढं काही विचारलं नाही.

तिसरं घर गावाच्या कडेला, भातशेतीला लागून. कौलारू छप्पर, अंगण, नारळाची झाडं, खालचा मजला आपला आणि वर एक बँकेतला माणूस भाड्यानं. मागच्या दाराच्या पायरीला लागूनच विहीर. नवऱ्यानं फोन विहिरीच्या तोंडावर धरला. चार हात दोर सोडला असेल नसेल, बादली भरून वर आली. त्यानं पाणी पायावर ओतलं, परत बादली टाकली, परत भरली.

"बारा म्हैनं असंच?" मी विचारलं.

"बारा म्हैनं. उन्हाळ्यात जरा खाली जातंय म्हणं."

मी म्हटलं, "हेच घ्या."

जाऊबाई हसल्या. "घर घ्यायलीयास का हीर? आतनं तरी बघ की."

आतनं बघितलं. दोन खोल्या होत्या, न्हाणीघर होतं, भिंतीला हिरवा रंग होता. मला सगळं चांगलंच दिसलं.

मामा मागून बघत होते. त्यांची पलटण बरीच वर्षं आसामात होती. ते एवढंच म्हणाले, "वरचा मजला मिळाला तर बघा. तिकडं ओल लय आस्ती."

फोनमधून नवरा वडलांना म्हणाला, "दादा, तिचं तिला ठरवू द्या."

"बरं," म्हणून मामा उठले आणि रानात गेले. त्यांनी परत तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. खरं सांगायचं तर मला ऐकायचं नव्हतं. पहिल्यांदा कुणी मला विचारलं होतं आणि माझं उत्तर तयार होतं.

फेब्रुवारीत मिरजेहून गाडी पकडून आम्ही मायलेकी गेलो. पहिले तीन महिने मी जे सुख भोगलं ते कुणाला सांगितलं तर हसतील. मी भांडी वाहत्या पाण्यात घासायची. अंगण दोनदा धुवायची. पोरीला दुपारी विहिरीजवळ बसवून बादल्याच्या बादल्या अंगावर ओतायची, आणि ती खिदळायची. एवढं असून रोज सकाळी उठले की आधी घरातली सगळी भांडी भरून ठेवायची. शेजारच्या घरात घरमालकीण राहायची. तिकडं थोरल्या बाईला चेची म्हणतात. ती कुंपणावरून माझे भरलेले हंडे बघायची, मग विहिरीकडं बोट दाखवायची, मग माझ्याकडं बघून हसायची. तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला. पण त्या हसण्यात टोमणा नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं फणसाचे गरे आणून दिले.

नवरा रोज घरी जेवायला यायचा. कपड्यांना तेजाबाचा वास असायचा म्हणून आधी मागच्या दारी आंघोळ करायचा. पोरगी आता लपायची नाही. त्याच्या पाठीवर पाणी ओतायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं होतं. मला वाटायचं, आपण लोकांच्या मानानं फार मिळवलं, आता कुणाची नजर लागू नये.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पाऊसही. पंधरा दिवसांत विहीर काठोकाठ आली. दोर लागेना, वाकून तांब्या बुडवला की भरायचा. माहेरी हे मी सांगितलं तर आई म्हणाली, "नशीब काढलंस बाय."

मग भिंतीचा हिरवा रंग खालून काळा पडत गेला. हात लावला की ओला. ज्वारीचं पीठ गावाहून आणलं होतं, त्याला जाळं लागलं. पोरीचं दप्तर पांढरं झालं, आधी मला वाटलं खडू सांडला. धुतलेले कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते, अंगावर तसेच चढवायचो. फरशी पुसली तरी परत घाम आल्यासारखी ओली व्हायची. मी ते सगळं पुसत राहिले. नवऱ्याला सांगितलं नाही. घर मी घेतलेलं, आता कुठल्या तोंडानं सांगू.

पोरीचा खोकला मात्र लपवता आला नाही. आधी नुसता खोकला, मग श्वास घेताना छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. चालत शाळेपर्यंत गेली की बाकावर मान टाकून बसायची. बाईंनी दोनदा घरी पाठवलं. दवाखान्यात नाकाला मुसकं लावून वाफ दिली की तासाभरानं बरी दिसायची, घरी आलो की संध्याकाळपर्यंत परत तेच.

डॉक्टर हिंदीत बोलायचे. त्यांनी औषध लिहिता लिहिता विचारलं, राहता कुठं. नवऱ्यानं सांगितलं. कितवा मजला. खालचा. शेताला लागून? हो. भिंती ओल्या? नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, मी औषध देत राहीन, तुम्ही घर बदला. त्या घरात ही पोरगी बरी व्हायची नाही.

रस्त्यानं येताना नवरा म्हणाला, "भिंती कवाधरनं ओल्या हायत?"

"लय दिवस झालं."

त्यानं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पुढं चालायला लागला. बोलला असता तर बरं झालं असतं.

आम्ही घर शोधायला लागलो. शाळेजवळचं तिसऱ्या मजल्यावरचं केव्हाच गेलं होतं. पावसाळ्यात कोण घर सोडतंय. जिथं खोली रिकामी होती तिथं आधी विचारायचे, काम काय करता. गलाई म्हटलं की चेहरा बदलायचा. तेजाबाचा धूर होतो हे सगळ्यांना माहीत. काम दुकानात होतं, घरी नाही, हे नवरा सांगायचा, ते मान हलवायचे आणि दुसऱ्याला कबूल केलंय म्हणायचे. एका घरी बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला आठवा महिना होता. तिनं दार लोटून घेतलं.

शेवटी शेठ म्हणाला, "आरं गड्या, वरची खोली तशीच पडलीया. आणि दारोदार काय फिरतोयस?"

आम्ही तिघं बघायला गेलो. खोली खरंच कोरडी होती. खाली भट्टी असल्यानं भिंतींना ऊब होती, हात लावला तर गावाकडच्या भिंतीसारखी वाटली. मी दाराशी उभी राहून कुठं चूल, कुठं पोरीची चटई हे ठरवायला लागले. तेवढ्यात खाली कुणी तेजाबात माल टाकला असावा. जिन्यातून तो वास वर आला, नाकात मिरची गेल्यासारखा. पोरगी खोकायला लागली ती थांबेना. नवऱ्यानं तिला उचललं आणि जिना उतरून सरळ रस्त्यावर गेला. मी मागं एकटीच शेठसमोर उभी.

शेठ कानकोंडा झाला. "रोज न्हाई होत एवढं. दुपारचंच असतंय." मग जरा थांबून म्हणाला, "आमची पोरं ह्यातच मोठी झाली, पण ती धट्टीकट्टी."

मी म्हटलं, "तुमी लय केलं आमच्यासाठी." खरंच केलं होतं. त्या माणसाच्या हातात जे होतं ते त्यानं पुढं केलं होतं. आम्हाला घेता येत नव्हतं.

एकीकडं ओल आणि एकीकडं धूर. मी पोरीला घेऊन गावी जावं, तर डॉक्टरीणबाईंनी मला गाडीचा प्रवास बंद सांगितला होता. माझा रक्तदाब वाढला होता, पायावर सूज होती. मी कुठंच जाऊ शकत नव्हते.

गावी फोन केला तेव्हा मी रडणार नाही असं ठरवलं होतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी वाट बघत होते की त्या म्हणतील, तुला कुणी सांगितलं होतं खालचं घर घ्यायला. त्या म्हणाल्या, "पानी बघूनच घेतलंस की. मी बी तेच घेतलं आसतं. तू जेवतीस का न्हाई?" मागून जाऊबाईंचा आवाज आला, "तिला म्हणावं काळजी करू नगं, पोरीला हिकडं लावून दे. दोन पोरं हायत त्यात तिसरं." ज्या मला विहिरीवरून हसल्या होत्या त्याच.

मामा चौथ्या दिवशी आले. खांद्याला पिशवी, हातात छत्री, आणि आल्याआल्या पोरीच्या छातीला कान लावून बसले. मग उठून घरभर फिरले. भिंतीला हात लावला. मी चुलीपाशी बसून त्यांच्या पाठीकडं बघत होते. त्यांनी चेचीकडून खुणेनं फावडं मागून घेतलं, लुंगी खोचली आणि पावसातच घराच्या मागच्या अंगाला चर खणायला लागले. दोन तास खणून साचलेलं पाणी शेताकडं काढून दिलं. आत येऊन खाट भिंतीपासून ओढली, पायांखाली विटा दिल्या. चेची कुंपणापलीकडून बघत होती. तिनं मामांकडं बघत हातानं मला विचारलं, हे कोण. मी फोनमधला नवऱ्याचा फोटो दाखवला आणि हात वर नेला, म्हणजे त्याचा बाप. तिला कळलं. तिनं कॉफी पाठवली.

संध्याकाळच्या आधी मामा मागच्या पायरीवर बसले होते. विहिरीतनं तांब्या भरून ते पाणी प्यायले.

मी म्हटलं, "आवं मामा, तुमी सांगितलं व्हतं. वरचं घ्या म्हणून."

"सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "पर मला कुठं हंडा घिऊन जायला लागत व्हतं? आमी पलटणीत. पानी गाडीतनं यायचं." मग विहिरीत बघत म्हणाले, "ही हीर आपल्या रानात आस्ती तर काय पायजे व्हतं."

त्यांनी तेवढं बोलायला नको होतं असं मला वाटलं. मला बोलणी खायची होती, आणि ते विहिरीचं कौतुक करत होते.

पोरीला दुसऱ्या दिवशी घेऊन जायचं ठरलं. पाऊस थांबेपर्यंत. तिला विचारलं, आजोबांबरोबर जाशील का. ती म्हणाली, "तू?" मी म्हटलं, "बाळ झालं की." ती म्हणाली, "पप्पा?" मी म्हटलं, "पप्पांचं काम हाय." मग ती उठली. दप्तरात स्वतःची वह्या-पुस्तकं भरली. ती तिकडच्या भाषेतली होती, गावच्या शाळेत त्यांचा काही उपयोग नव्हता. मी तिला भरू दिली.

स्टेशनावर मी गेले नाही, जाऊ दिलं नाही. दारातूनच. नवरा त्यांना सोडून आला आणि मागच्या दारी आंघोळीला बसला. पाठीवर पाणी ओतायला मी गेले तर म्हणाला, "राहू दे, तुला वाकू नगं म्हणून सांगितलंय."

मिरजेला उतरल्यावर मामांचा फोन आला. "शिट्टी बंद झालीया. इडली खाल्ली दोन वेळा. आता यष्टीत बसतोय." मी फोन ठेवला आणि देवाला हात जोडले. तसंच मनात आलं की मुलगी माझ्यापासून लांब गेली तशी बरी झाली. हा विचार पुढं मनातून कधी गेला नाही.

मुलगा झाला तेव्हा सासूबाई येऊ शकल्या नाहीत, पोरगी त्यांना सोडून राहत नव्हती. आई कंबरेनं अधू. चेचीनं माझं बाळंतपण काढलं. रोज कढत पाण्यानं अंघोळ घालायची, तेल लावायची, तिच्या भाषेत रागवायची, आणि ते रागवणं मला समजायचं. पाणी भरायला मी उठले की हाताला धरून बसवायची. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं तेवढं तिनं केलं. मी तिला काय देणार होते. तांदळाची भाकरी करून दिली एकदा, ती तिनं कौतुकानं खाल्ली.

दसऱ्यानंतर वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्याची बदली झाली. चेचीनं ती जागा दुसऱ्या कुणाला दाखवलीसुद्धा नाही, किल्ली आणून माझ्या हातात दिली. आम्ही वर राहायला गेलो. भिंती कोरड्या, वारा खेळता, दोन्ही बाजूंनी ऊन. पाणी पंपानं वर चढतं. मी पोरीची खाट खिडकीपाशी लावली.

दिवाळीला आम्ही गावी गेलो. मुलगी अंगणात जाऊबाईंच्या पोरांबरोबर पळत होती. पळत होती, आणि तोंड मिटून पळत होती. मी ते बघत उभी राहिले. रात्री माझ्याजवळ झोपायला आली खरी, पण सकाळी उठली ती आजीच्या चुलीकडं गेली. सुट्टी संपली तेव्हा आम्ही तिला नेलं नाही. वर्ष मधूनच कसं मोडायचं, म्हणालो. डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, वरचा मजला चांगलाच, पण पावसाळा काढल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणजे आणून बघायचं. नाही सोसलं तर परत जुलैत आजोबांनी यायचं, परत शाळा मोडायची.

मीच दोन्ही पोरं घेऊन गावी राहावं, हाही एक मार्ग आहे. नवरा म्हणतो, "तू म्हणशील तसं." पण बाळ आता बापाच्या आवाजानं मान वळवायला लागलंय. थोरलीच्या वेळी मी ते कधी बघितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. शाळेतल्या बाईंनी विचारलंय, दुसरीला पोरगी इथंच राहणार असेल तर काही प्रश्न नाही, जाणार असेल तर दाखला तयार करून ठेवतात. मी म्हटलं, "तुमाला काय वाटतंय?"

"मी आता काय सांगत न्हाई," मामा म्हणाले. "तू आई हायस. तू म्हणशील ते बाईंना सांगतो."

नवऱ्याला विचारलं. तो दुकानात होता, मागं भट्टीचा आवाज येत होता. तो म्हणाला, "तूच सांग. तुझ्या इतकं मला कळत न्हाई." सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमाला काय, र्‍हायली तर घर भरल्यालं दिसतंय. पर तुझी हाय ती." सगळे मला विचारतात. कुणीतरी दटावून सांगितलं असतं तर मी मुकाट्यानं ऐकलं असतं.

तीन दिवस मी काही ठरवलं नाही. खिडकीपाशीच्या खाटेवर वाळलेले कपडे साठत गेले, ते उचलून घडी घातली, परत साठले. चौथ्या दिवशी सकाळी मी मामांना फोन लावला. म्हटलं, "दाखला काढू नका."

"बरं," मामा म्हणाले.

"दुसरीचं वरीस होऊ दे तिकडंच. मग बघू."

"बरं."

मला वाटलं ते विचारतील का म्हणून. ते म्हणाले, "तिकडं ऊन पडलंय का?"

"पडलंय की. चांगलं पडलंय."

"मग बाळाला जरा उनात बसव," ते म्हणाले. मागून मुलीचा आवाज आला, आजोबा चला, उशीर होतोय. तिच्या शाळेची घंटा व्हायची वेळ झाली होती. मामांनी तिला विचारलं, "आईशी बोलतीस का?" ती म्हणाली, "आल्यावर बोलते."

मामांनी ते मला सांगितलं. मी म्हटलं, "जाऊ द्या, उशीर हुईल तिला."